इनामदारांचा विनोद आणि पाटलांची हुग्गी

वीरधवल इनामदारांनी विनोदी चित्रपट काढला, ही बातमी मला आदगोंडा पाटलांच्या तोंडून कळावी, याहून मोठा अपमान माझ्या आयुष्यात झालेला नाही. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस हे म्हणतोय, म्हणजे तुलनेला माझ्याकडे बऱ्यापैकी अपमान शिल्लक आहेत, हे ध्यानात घ्यावं.

इनामदार म्हणजे माझं दैवत. त्यांचा 'कोरड्या पाटाचं गाव' मी इतक्यांदा पाहिला आहे की शरयूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मोजणं सोडून दिलं. त्यात एक शेतकरी कोरड्या पाटाकडे बघत बसतो, कॅमेरा शेतकऱ्याकडे बघत बसतो आणि प्रेक्षक घड्याळाकडे. पण शेवटी त्याचा बैल आडवा होतो ना, तेव्हा आपण रुमाल शोधतो. कोरडा पाट पाहून पाटबंधारेवाल्याने रडावं यात खात्याची बदनामी आहे, पण मी दर वेळी रडतो.

अशा माणसाने विनोदी चित्रपट काढला, नाव 'मामा अडकले!', तो शुक्रवारी सांगलीत लागला, सोमवारी उतरला आणि त्या काळात मी फलटणला मेव्हणीच्या मुलाच्या लग्नात अक्षता टाकत होतो. परत आलो तर आदगोंडा कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे. आदगोंडा आमचे शेजारी, हळदीचे व्यापारी आणि कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष.

"चिंतामनराव, तुमच्या त्या रडक्या सायबानं हसायचा शिनेमा काढला म्हनं. तीन दिसांत गुंडाळला की वो! लय वंगाळ हाय म्हनत्यात."

"वृत्तपत्रात 'दिग्गजाचं वेगळं वळण' असं आलंय," मी म्हणालो.

"वळन न्हवं, खड्डा हाय," आदगोंडा म्हणाले.

आता हा वाद चित्रपटाचा नव्हता, सभागृहाचा होता. आमच्या कॉलनीच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी माझं चित्रपट मंडळ भरतं. मंडळ जुनं, संस्थापक मी, चिटणीस मी, आणि सभासद बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोघे पंख्याखाली झोप छान लागते म्हणून येतात. दुसरीकडे आदगोंडांचं हास्यमंडळ. सकाळी पन्नासेक माणसं सभागृहात उभी राहतात, एकाने 'हो हो' म्हटलं की सगळी हात वर करून 'हा हा हा' करतात. कारण काही नाही. हसायला कारण लागत नाही, असं त्यांचं तत्त्वज्ञानच आहे. त्यांना आता रविवारची संध्याकाळही हवी होती.

कमिटीची बैठक झाली. माझ्या बाजूने मी होतो. आदगोंडा म्हणाले, "आमी काय आडमुठं न्हाई. एक डाव समद्या कॉलनीला शिनेमा दाखवा. शेवटची पाटी येस्तोवर निम्मा हॉल जरी बसलेला ऱ्हायला, तर रविवार तुमचा. न्हाईतर तितं आमी हसनार."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण 'खड्डा' हा शब्द मला खुपत होता. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "दाखवतो! 'मामा अडकले!'च दाखवतो! आणि स्वतः इनामदारांना समोर बसवून दाखवतो!"

घरी आल्यावर शरयूने विचारलं, "तुमची त्यांची ओळख आहे?"

"मी त्यांना ओळखतो," मी म्हणालो. निम्मी ओळख तर झालेलीच होती.

इनामदार हल्ली वाईला राहतात. पत्ता विचारत विचारत गेलो. ते ओसरीवर बसले होते, शुभ्र दाढी, जाड चष्मा. मी नमस्कार केला, 'मी करंदीकर, सांगलीचा' म्हणून ओळख दिली, मंडळाची माहिती दिली, आमंत्रण दिलं. ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या चित्रपटात शांतता का असते हे मला त्या दिवशी कळलं. मी घाबरून बोलत सुटलो. पाऊस, ऊस, धोमचं धरण असं सगळं बोलून संपलं, तेव्हा शेवटी म्हणालो, "सर, तुमच्या घाटावरचं पाणी वाहत वाहत आमच्या सांगलीलाच येतं."

त्यावर ते म्हणाले, "मग मीही येतो."

साताऱ्याला थांबून मी अर्धा किलो कंदी पेढे घेतले आणि त्यातले निम्मे कराडच्या आत आनंदाने खाल्ले.

पुढचा अडथळा परवानगीचा. ध्वनिक्षेपकाची परवानगी देणाऱ्या कार्यालयातल्या गृहस्थांनी विचारलं, "प्रसंग काय? लग्न, मिरवणूक, प्रवचन, प्रचार?"

"चित्रपट."

"त्यो इतर झाला. इतर लिहिलं की सायेब म्हनत्यात, इतर म्हंजी काय? मग तुमी या, मी खुलासा करायचा, सायेब रजेवर. चित्रपटात मारामारी हाय?"

"नाही. विनोदी आहे."

"विनोदी असल्याचं कोन सांगतंय?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे चित्रपट पाहूनही मला सापडायचं नव्हतं. अखेर त्यांनीच माझ्यावर दया करून 'प्रवचन' लिहिलं आणि शिक्का मारला. पाटबंधारे खात्यात मी स्वतः अनेक विहिरींना 'इतर' म्हणून परत पाठवलेलं आहे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

कॉलनीतून सल्ले येऊ लागले. तासगावहून लेकीकडे राहायला आलेले नानासो म्हणाले, पाहुण्याला द्राक्षांचा हार घाला. गरवारे मॅडमचं म्हणणं पडलं की आधी त्यांच्या नातीचं भरतनाट्यम ठेवा, मग चित्रपट कसाही असला तरी चालेल. आणि सगळ्यात धक्कादायक बोलणं आदगोंडांचं. ते स्वतः घरी आले आणि म्हणाले, "शिनेमा तुमचा, पन पावना कॉलनीचा. जेवान आमच्याकडं. त्रिशला हुग्गी करनार. समद्या कॉलनीला सांगितलंय."

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. गूळ, खोबरं, वेलदोडा आणि वरून तुपाची धार. त्रिशलावहिनींच्या हातची हुग्गी खाल्लेला माणूस त्या दिवशी दुसरं काही करत नाही. विरोधकाच्या घरून आलेली ही मदत घ्यावी की नाही, यावर मी रात्रभर विचार करायचं ठरवलं होतं, पण शरयूने तिथल्या तिथे "बरं होईल हो" म्हणून टाकलं.

रविवार उजाडला. हिवाळ्याचे दिवस. तीनला चित्रपट सुरू करायचा, दोन तासांत संपवायचा, मग जेवण, असा बेत. सभागृह खच्चून भरलं होतं. पाठीमागच्या अंगणात चुलीवर हुग्गीचं पातेलं चढलेलं होतं आणि तो वास खिडक्यांतून आत येत होता. गर्दीचं खरं कारण तेच, पण मी ते श्रेय इनामदारांना दिलं.

इनामदारांनी खिशातून हार्ड डिस्कची एक छोटी डबी काढून माझ्या हातात ठेवली. "थिएटरात दाखवला तो निर्मात्याने कापलेला होता," ते म्हणाले. "हा पूर्ण आहे."

"किती पूर्ण, सर?"

"पुष्कळ," ते म्हणाले.

चित्रपट सुरू झाला. मामा लग्नाला निघतात. लिफ्टमध्ये शिरतात. लिफ्ट अडकते. इथपर्यंत लोक हसायला तयार होते. पण यानंतर कॅमेरा लिफ्टच्या बंद दाराकडे बघू लागला. दार आमच्याकडे बघू लागलं. आतून मामा एकदा खोकले. मग पुन्हा दार. मग मामांचा बूट. मग बुटाची नाडी, जवळून. माझ्या आयुष्यात मी इतकी वेदनेने भरलेली नाडी पाहिलेली नाही.

सभागृहात चिटपाखरूही हसलं नाही. रोज सकाळी विनाकारण हसणारी पन्नास माणसं, आज कारण पुरवूनही ढिम्म बसून होती. एवढ्यात दारातून एक हवालदार आत आले. परवानगीप्रमाणे प्रवचन चाललंय का ते बघायला आले असावेत. ते टोपी काढून मागे उभे राहिले, पडद्यावरच्या मूक मामांकडे बराच वेळ भक्तिभावाने बघत राहिले आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "महाराज मौनात हायत व्हय?" मग हात जोडून निघून गेले. त्या दिवशीचा समाधानी प्रेक्षक तेवढाच.

मी चोरून इनामदारांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. मान किंचित तिरकी करून ते लोकांचा कानोसा घेत होते. एखादा तरी हसतोय का, एवढंच. सभागृह जाईल तर जावो, पण या म्हाताऱ्या माणसासाठी कोणीतरी हसा रे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी स्वतः प्रयत्न केला. त्यातून असा काही आवाज निघाला की शरयूने पाण्याची बाटली पुढे केली.

आणि मग ते घडलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं होत होत भिंतीवर चढलं, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत निम्मं सभागृह एकदम उठून उभं राहिलं.

आमची निम्मी कॉलनी जैन आहे. ती दिवस मावळायच्या आत जेवते, मावळल्यावर नाही. इतकी वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहतोय, आदगोंडांच्या घरची संध्याकाळची भांडी रोज ऐकतोय, पण आपण नऊला जेवतो म्हणजे जगही नऊलाच जेवतं, अशी माझी समजूत. दोन तासांचा बेत होता म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. पण मामा पूर्ण होते, पुष्कळ पूर्ण होते, आणि सूर्य काही त्यांच्यासाठी अडकणार नव्हता.

इनामदारांनी वळून पाहिलं. माणसं भराभर दाराकडे चालली होती. त्यांचा चेहरा पडला. ते मला म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. पुण्यातही असंच झालं."

"नाही हो सर! ते जेवायला चाललेत!"

"पुण्यातही तसंच म्हणाले."

आता यांना कसं समजवावं? पंगत चित्रपटानंतरची ठरलेली, म्हणून मंडळी आपापल्या घरी जेवायला निघाली होती, आणि घरी गेलेली माणसं परत येत नसतात. आदगोंडा दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, आणि रविवार त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. मी हताश होऊन खाली बसणार, तोच शरयू उठली. त्रिशलावहिनींच्या कानात काहीतरी बोलली. वहिनींनी पदर खोचला आणि सबंध सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, घरला कुटं चाललाय? हुग्गी तयार हाय की! मागल्या अंगनात बसा समदी. मध्यंतर हाय!"

मी पळत जाऊन मामांना थांबवलं. ते तसेही थांबलेलेच होते.

अंगणात पंगत बसली. इनामदार मध्यभागी. "थोडीच वाढा" असं ते म्हणाले, आणि हीच त्यांची चूक झाली. आमच्याकडे थोडी वाढा म्हणणाऱ्या पाहुण्याला सगळे मिळून वाढतात. आदगोंडा स्वतः तुपाचं भांडं घेऊन उभे. "सायेब, ही आमच्या आईच्या नावानं. ही गावाच्या नावानं. आता ही मामाच्या नावानं, बिचारा आत उपाशी हाय." इनामदार वाढलेलं सगळं खात होते. त्यांच्या दाढीला गूळ लागला होता. बाकीच्या पंगतीवरही तोच आग्रह चालला होता. यजमानपणात आदगोंडांना स्वतःची अट आठवली नाही, की आठवूनही पाहुण्यापुढे काढवली नाही, कोण जाणे. सूर्य टेकला तेव्हा पातेलं रिकामं होतं आणि कॉलनी भरलेली.

आणि मंडळी सभागृहात परत आली! चित्रपटाच्या ओढीने म्हणावं तर खोटं होईल. पोटं इतकी जड झाली होती की घरापेक्षा खुर्ची जवळ होती. दिवे मालवले, मामांना पुन्हा सुरू केलं. पंखे गरगरत होते. पडद्यावर लिफ्टचं दार. पहिला नानासोंचा डोळा लागला. मग गरवारे मॅडम. मग रांगच्या रांग. हास्यमंडळ एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून शांत झालं. आदगोंडा अध्यक्षांच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरू लागले. मी अंधारात बसून डोकी बघत होतो, आणि माझ्या हळूहळू ध्यानात आलं की यांच्यातला एकही जण आता इथून हलू शकत नाही. मला इतका आनंद झाला की मी शरयूचा हात दाबला. तीही झोपली होती.

तेवढ्यात इनामदार माझ्याकडे झुकले. "करंदीकर, सगळे झोपलेत."

"हुग्गी, सर. हुग्गी फार जड असते."

"हुग्गी मीही खाल्ली आहे. मी जागा आहे." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "खरं सांगा. कसा झालाय?"

मी त्यांच्या दाढीकडे बघितलं. माझ्या तोंडात 'वेगळं वळण' तयार होतं. पण ज्या माणसाने मला दर वेळी खरं रडवलं, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "वाईट झालाय, सर. फार वाईट."

आता हे उठून वाईला चालत निघतात, असं मला वाटलं. पण त्यांनी मोठा श्वास सोडला. "वाटलंच होतं मला," ते म्हणाले. "माझ्या वयाला कोणी सांगत नाही हो. सगळे म्हणतात, प्रयोग आहे. मी दाराकडे कॅमेरा लावला आणि सेटवर सगळे म्हणाले, वा. एकाने तरी म्हणायचं ना, अहो, हे दार आहे!"

एवढं बोलून त्यांनी मागे वळून पाहिलं. घोरणारे आदगोंडा, त्यांच्या मांडीवर पाहुण्यासाठी आणलेला हार, एकमेकांवर कलंडलेलं हास्यमंडळ. इनामदारांचे खांदे हलू लागले. मग ते हसले. खदखदून, चष्मा काढून, डोळे पुसत हसले. इतका मोठा आवाज त्या किरकोळ देहात असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

त्या आवाजाने हास्यमंडळ दचकून जागं झालं. आणि सभागृहात हसू ऐकू आलं की काय करायचं, हे त्या पन्नास माणसांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की डोळे नीट उघडायच्या आत ती उभी राहिली, हात वर केले आणि "हो हो, हा हा हा!" सुरू झालं. आदगोंडा सगळ्यात पुढे, मांडीवरचा हार हवेत नाचवत. बाकीचेही जागे झाले, आपलंच काहीतरी चुकलं असेल या भीतीने तेही हसू लागले. आणि पडद्यावर पाटी आली, 'समाप्त'.

दिवे लागले. एक खुर्ची रिकामी नव्हती.

आदगोंडांनी हात खाली घेतले. पडद्याकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. व्यापारी माणूस, सौदा झाला की झाला. त्यांनी हार इनामदारांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "रविवार तुमचा, चिंतामनराव. पन हितनं फुडं आदी जेवान, मग शिनेमा."

त्या रात्री मी कॉलनीच्या रस्त्यावरून दोन फेऱ्या उगीचच मारल्या. प्रत्येक जण हात करत होता. मी फक्त मान हलवत होतो, जेत्याला तेवढंच शोभतं.

पुढच्या रविवारी मी 'कोरड्या पाटाचं गाव' लावला. मंडळाच्या इतिहासात प्रथमच बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. आदगोंडा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. पाट आला, शेतकरी आला, कॅमेरा बघत बसला. कोणी घड्याळ पाहिलं नाही. हळदीच्या मातीतली माणसं ती, कोरडा पाट त्यांना मी सांगायची गरज नव्हती. शेवटी बैल आडवा झाला, तेव्हा सभागृहात नुसते हुंदके. आदगोंडा उभे राहिले, धोतराचा सोगा डोळ्यांना लावून. "फोन लावा," ते मला म्हणाले. "आत्ता लावा त्या सायबाला."

मी लावला, आवाज मोठा ठेवून.

"सायेब," आदगोंडा म्हणाले, "मी पाटील बोलतोय, हुग्गीवाला. त्यो बैल खरंच मेला का वो?"

सगळं सभागृह फोनभोवती गोळा झालं.

"नाही हो," इनामदार म्हणाले. "मी 'कट' म्हटल्यावर उठला, अंग झटकलं आणि कॅमेऱ्यामागे उन्हात घालायची माझी गवती हॅट खाऊन टाकली. आख्खी. मी दोन दिवस ऊन खात चित्रीकरण केलं. त्या दिवसांतल्या फोटोत मी जो गंभीर दिसतो ना, तो त्याच्यामुळे."

आदगोंडांच्या पोटातून हसू सुरू झालं. हात वर नाहीत, 'हो हो' नाही, डोळ्यांत पाणी तसंच, आणि माणूस खुर्चीची पाठ धरून हसतोय. त्रिशलावहिनी हसल्या, शरयू हसली, नानासो हसता हसता खाली बसले. सबंध सभागृह डोळे पुसत हसत होतं, आणि थांबेचना.

मी फोन उंच धरला होता. पलीकडून फोन ठेवलेला नव्हता, हसू तिकडे पोचत होतं. मग इनामदारांचा आवाज आला.

"करंदीकर, अजून थोडा वेळ तसाच धरा."